दहाचं नाणं ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी रुपयाच्या धातूचा थोडा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पेपरात तीनशे शब्दांत हे बसत नाही म्हणून इथे लिहितोय.

आपल्या भागात दहा रुपयांचं नाणं अजूनही चालत नाही. म्हणजे सरकारच्या लेखी चालतं. आठवडी बाजारात, रिक्षात, पानटपरीवर चालत नाही. ‘पुढं कोणी घेत नाही हो’ हे ठरलेलं उत्तर. मेथीची जुडी विकणारी मावशी नाणं परत करते, गिऱ्हाईक शंभराची नोट काढतं, मावशीकडे सुटे नसतात, आणि दहा रुपयांचा सौदा मोडतो. नुकसान कोणाचं? मावशीचंच. पुण्या-मुंबईत हेच नाणं बिनबोभाट चालतं. इथे कारण विचारलं की तीन-चार उत्तरं मिळतात. खोटं आहे. बंद झालंय. प्रत्येकाचं डिझाइन वेगळं आहे. आणि चौथं उत्तर जुन्या माणसांकडून येतं ते असं: ‘हातात घेतलं की नाणं वाटतच नाही.’

पहिली तीन उत्तरं चूक आहेत, त्यावर शेवटी बोलू. चौथं मात्र मला पटतं. कारण नाणं ‘वाटणं’ म्हणजे काय, याची आपल्या लोकांना पिढ्यानपिढ्यांची सवय आहे, आणि त्या सवयीला एकदा नाही, अनेकदा धक्के बसलेत. हा संशय आभाळातून पडलेला नाही.

आधी जुनी गोष्ट. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. शिवराई हे रोजच्या व्यवहाराचं, गरिबाच्या हातातलं नाणं, पण वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम. म्हणजे पुढे आलेल्या चांदीच्या रुपयाइतकंच वजन तांब्याच्या पैशाला. का? कारण त्या काळी नाण्याची किंमत नाण्यातच असायची. तांबं कमी तर पैसा कमी. राजाची मोहोर म्हणजे फक्त ‘धातू बरोबर आहे’ अशी हमी.

पेशवाईत तर रुपयाच एक नव्हता. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, मल्हारशाही रुपया, शिवाय हैदराबादकडून येणारे. प्रत्येकात चांदी थोडी वेगळी. त्यामुळे एका गावचा रुपया दुसऱ्या गावात नेला की सराफ तो वाजवून, घासून, तोलून बघायचा आणि बट्टा कापायचा. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो ना आपण, तो हाच बट्टा. नाणी पारखणारा तो पोतदार. आज आडनावापुरतं उरलेलं हे काम तेव्हा इतकं महत्त्वाचं होतं की सरकारचा खजिना त्याच्या नजरेवर चालायचा. ‘खणखणीत नाणं’, ‘वाजवून घेणं’, ‘खोटा रुपया’ हे सगळे शब्द त्या सराफकट्ट्यावरून आपल्या बोलण्यात आले.

हा गोंधळ कंपनी सरकारनं १८३५ मध्ये संपवला. कायदा करून आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. हिशेब केला तर एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी. १८४० पासून त्यावर व्हिक्टोरिया राणीचा छाप आला आणि आपल्या आज्यांनी त्याला ‘राणीछाप’ हे नाव दिलं. मुंबईच्या फोर्टातली टांकसाळ त्याआधीच सुरू झाली होती आणि तिथे वाफेच्या यंत्रावर नाणी पडत. यंत्रावर पाडलेला म्हणून तो ‘कलदार’; कल म्हणजे यंत्र. कडेला दाते असल्यामुळे कोणी कड कातरून चांदी चोरली की लगेच कळायचं. हे दाते आजच्या नाण्यांवरही आहेत. कातरावं असं काही त्यात उरलेलं नाही, हा भाग वेगळा.

राणीछाप रुपया इतका नेमका होता की सोनार तोच वजन म्हणून तराजूत टाकायचे. पक्का शेर म्हणजे ऐंशी रुपयांचं वजन. तोळा म्हणजे रुपया आणि रुपया म्हणजे तोळा. आता विचार करा, ज्या माणसाच्या आयुष्यात पैसा आणि वजन ही एकच गोष्ट होती, त्याला हलकं नाणं ‘नाणं’ कसं वाटेल?

आमच्या मराठवाड्यात आणखी एक भानगड होती. इथे निजामाचा स्वतःचा रुपया, हाली सिक्का. वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास, चांदी सुमारे ८२ टक्के. इंग्रजी कलदार ९१ टक्क्यांच्या वर. म्हणून सहा कलदार बरोबर सात हाली असा हिशेब. सोलापूर-नगरकडून माल आणणारा व्यापारी दोन रुपये डोक्यात घेऊन फिरायचा. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांनी हाली सिक्का गेला. तरी आपल्याकडच्या ऐंशी-नव्वदीतल्या माणसांच्या बोलण्यात ‘कलदार’ हा शब्द कधीतरी डोकावतोच, आणि त्याचा अर्थ ‘पक्का, खरा’ असा असतो.

आता मुख्य मुद्दा. शाळेत आपल्याला वाटतं की इंग्रजांच्या काळात रुपया म्हणजे पुरी चांदी आणि नंतर स्वस्त धातूंमुळे रुपया घसरला. तसं नाहीये. रुपया धातूपासून सुटला तो चांदी कमी होण्याच्या खूप आधी, १८९३ मध्ये.

झालं असं. १८७० नंतर जर्मनीसह युरोपातले देश चांदी सोडून सोन्याकडे वळले. अमेरिकेतल्या खाणींतून चांदी बदाबदा बाहेर येत होती. चांदीचा भाव कोसळला. भारताचं नाणं चांदीचं, आणि इंग्लंडला द्यायचे पेन्शन, पगार, व्याज असे खर्च सोन्याच्या पौंडात. एकेकाळी दोन शिलिंगाच्या आसपास असलेला रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. लंडनला तेवढेच पौंड पाठवायला इथून जास्त रुपये गोळा करायचे, म्हणजे कर इथल्या शेतकऱ्यावर. तोपर्यंत नियम असा होता की कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि थोडी मजुरी देऊन रुपये पाडून आणावेत. जून १८९३ मध्ये सरकारनं हे दार बंद केलं. आता रुपये फक्त सरकार पाडणार, हवे तेवढेच. नाणं बाजारात कमी, म्हणून त्याची किंमत आतल्या चांदीपेक्षा वर.

थोडक्यात, राणीछाप रुपया हातात तसाच जड, तसाच खणखणीत, आणि तरी आतली चांदी मोडीत एक रुपयाची नाही. १८९३ नंतर तोही एक प्रकारचा सरकारी शब्दच झाला, फक्त चांदीवर छापलेला. गावात हे कोणाला कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं, आवाज तोच होता.

पहिल्या महायुद्धात उलटं घडलं. चांदी महागली, इतकी की रुपया वितळवून चांदी विकणं फायद्याचं झालं. १९१७ मध्ये सरकारला नाणी वितळवण्यावर बंदी घालावी लागली. त्याच वर्षाच्या शेवटी एक रुपयाची कागदी नोट आली आणि १९१८ च्या सुरुवातीला अडीच रुपयांची. (हो, अडीच. चाळीस आणे.) दोन आणे, चार आणे, आठ आणे हे तोवर चांदीचे होते, ते तांबं-निकेलच्या मिश्रणात आणले. यातलं आठ आण्यांचं नाणं लोकांच्या हातात फार टिकलं नाही, काही वर्षांतच मागे घ्यावं लागलं. एक आणा मात्र १९०७ पासूनच निकेलमिश्रित होता, कडेला नागमोडी, अंधारातही बोटांना ओळखू येणारा.

इकडे लोक नोटा घेऊन रुपये मागायला रांगा लावत होते आणि सरकारच्या खजिन्यातली चांदी संपत आली होती. शेवटी अमेरिकेनं १९१८ मध्ये कायदा करून स्वतःच्या चांदीच्या डॉलरांचा साठा वितळवला आणि त्यातली वीस कोटी औंस चांदी ब्रिटनला विकली, भारतासाठी. म्हणजे त्यानंतरच्या पंचम जॉर्जच्या राजाछाप रुपयांत अमेरिकेच्या डॉलरांची चांदी असणार. तुमच्या देवघरात १९१८-१९ चा रुपया असेल तर लक्ष्मीपूजनाला त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा.

मग आलं दुसरं महायुद्ध, आणि खरा धक्का तेव्हाचा आहे.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. बातमी आली आणि देशभर लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घरात घ्यायला सुरुवात केली. इंग्रज हरले तर नोटेचं काय, हा साधा हिशेब. सरकारनं गरजेपेक्षा जास्त रुपये जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवला. एक रुपयाची नोट पुन्हा आली. आणि १९४० मध्येच रुपयातली चांदी एकदम निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. वजन तेच ११.६६ ग्रॅम, आकार तोच, राजाही तोच. फक्त चांदी १०.७ ग्रॅमवरून ५.८ ग्रॅमवर. वरून ओळखायची खूण एवढीच की कडेच्या दात्यांमध्ये एक नवी खाच आली. पारखी सराफांना आवाजावरून कळलं, बाकीच्यांना कोणीतरी सांगितल्यावर.

त्यानंतर जुने पुऱ्या चांदीचे रुपये चलनातून काढण्यात आले. १९४१ ते १९४३ या काळात आधी व्हिक्टोरियाचे, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे. ठरलेल्या तारखेपर्यंत आणून द्या, नंतर कायदेशीर चलन नाही. सरकारवर भरवसा ठेवून ज्यानं राणीछाप रुपये नेऊन दिले, त्याला बदल्यात कागद किंवा अर्ध्या चांदीचा रुपया मिळाला. ज्यानं दिले नाहीत, मडक्यात घालून पुरून ठेवले, त्याची नातवंडं आज एका रुपयाची किंमत सराफाकडे विचारतात. १०.७ ग्रॅम चांदी. आजचा भाव तुम्हीच घाला.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. कारण इथे संशयखोर माणूस शहाणा ठरला आणि विश्वास ठेवणारा फसला. ज्या समाजानं हे बघितलंय, त्याला ‘सरकार सांगतंय ना, मग घे नाणं’ एवढं सांगून भागत नाही. आपले अधिकारी आणि बँकवाले नेमकं तेवढंच सांगतात.

त्याच युद्धात चिल्लर गायब झाली. तांबं दारूगोळ्याला हवं होतं. पूर्वीचा तांब्याचा पैसा, म्हणजे पाव आणा, साडेसहा ग्रॅमच्या आसपास होता. १९०६ नंतर तो काशाचा आणि पाच ग्रॅमच्या आत आला. आणि १९४३ मध्ये त्याच्या मधोमध भोक पाडून तो दोन ग्रॅमवर आणला. हाच आपला भोकाचा पैसा. करदोट्यात ओवायला बरा, आणि बरेच जण तो वायसर म्हणून वापरायचे, कारण वायसर पैशापेक्षा महाग होता. सुट्ट्यांची टंचाई इतकी होती की दुकानदार मोड म्हणून टपालाची तिकिटं द्यायचे, काही संस्थानांनी पुठ्ठ्याची कुपनं छापली. आज किराणा दुकानदार रुपयाऐवजी चॉकलेट हातात ठेवतो, तर त्याला ऐंशी वर्षांची परंपरा आहे म्हणायची.

अर्ध्या चांदीचे रुपये पाडायलाही चांदी पुरेना, तेव्हा पुन्हा अमेरिका. यावेळी उसनवारीवर, बावीस कोटी औंसांहून जास्त, युद्ध संपल्यावर परत करायच्या अटीवर. १९४७ उजाडेपर्यंत रुपयातून चांदी पूर्ण गेली होती आणि शुद्ध निकेलचा रुपया आला होता, पाठीवर वाघ असलेला. आणि स्वतंत्र भारतानं ते उसनं कसं फेडलं? अर्ध्या चांदीचे ते जुने रुपये लोकांकडून गोळा करून, वितळवून, त्यातली चांदी वेगळी काढून १९५० च्या दशकात अमेरिकेला परत पाठवली. आपल्या आजोबांच्या खिशातला रुपया जहाजात बसून कर्ज फेडायला गेला!

यापुढची कहाणी भराभर सांगतो, कारण ती एकाच दिशेनं जाते. १९५० मध्ये सिंहमुद्रेचा रुपया आला, निकेलचाच, ११.६६ ग्रॅमचा. १९५७ च्या १ एप्रिलपासून आणे गेले, शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. नवा पैसा आधी काशाचा, दीड ग्रॅमचा. १९६२ मध्ये पितळी मिश्रणाचा. १९६५ मध्ये ॲल्युमिनियमचा, पाऊण ग्रॅमचा. पाठोपाठ दोन, तीन, पाच, दहा पैसे सगळे ॲल्युमिनियमचे झाले. कारण सरळ होतं. निकेल आपल्याकडे निघत नाही, तांबं पुरेसं निघत नाही, दोन्हीसाठी परकीय चलन मोजायचं. ॲल्युमिनियमचं खनिज आपल्याकडे भरपूर. मधेच १९६८ मध्ये कमळाचं चित्र असलेलं पिवळंधमक वीस पैशाचं नाणं आलं. त्यात सोनं आहे अशी आवई उठलेली मी स्वतः घरात ऐकलीय आणि ती नाणी कित्येकांच्या देवघरात अजून आहेत. सोनं वगैरे काही नाही. पितळेचंच भावंडं ते.

ॲल्युमिनियमचीही नाणी लोक वितळवायला लागले. १९७१ मध्ये छोटी नाणी वितळवणं आणि त्यासाठी साठवणं याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. पाच पैशाचं नाणं वितळवून फायदा होतो म्हणजे महागाई कुठे पोचली होती बघा. धातूचा भाव वाढतो, नाण्यावरचा आकडा तोच राहतो, आणि एक दिवस नाणं मोडीत जास्त किमतीचं होतं. मग सरकार धातू बदलतं. शंभर वर्षांत हा एकच खेळ पुन्हा पुन्हा चाललाय.

रुपयाचं वजन नुसतं वाचा. १९५० मध्ये ११.६६ ग्रॅम. १९६२ मध्ये १० ग्रॅम. १९७५ मध्ये शुद्ध निकेल जाऊन तांबं-निकेल आलं आणि वजन ८ ग्रॅम. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ६ ग्रॅम. १९९२ मध्ये स्टेनलेस स्टील, ४.८५ ग्रॅम. २०११ मध्ये ३.७९ ग्रॅम. आणि २०१९ च्या मालिकेत ३.०९ ग्रॅम. राणीछाप रुपयाच्या जेमतेम पावपट, आणि तोही लोखंड-क्रोमियमचा.

यातला २०११ चा टप्पा बघण्यासारखा आहे. १९८८ मध्ये स्टीलचा आठ आणा आला होता, व्यास २२ मिलिमीटर, वजन ३.७९ ग्रॅम. २०११ चा रुपया: व्यास २२ मिलिमीटर, वजन ३.७९ ग्रॅम, धातू तोच. म्हणजे तेवीस वर्षांत आठ आण्याच्या अंगावर रुपयाचे कपडे घातले. आणि त्याच वर्षी ३० जूनला चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी कायमची बंद झाली. महागाईवर आपण अग्रलेख लिहितो, टीव्हीवर वाद घालतो. हे एक वाक्य मला त्या सगळ्यांपेक्षा पुरेसं वाटतं.

घरात जुन्या नाण्यांचा डबा असेल तर मुलांना घेऊन एक खेळ करा. जुन्या स्पीकरमधलं चुंबक घ्या. पन्नास-साठच्या दशकांतला रुपया चिकटेल, कारण निकेल चुंबकाला ओढलं जातं. १९७५ ते १९९१ मधला चिकटणार नाही, त्यात तांबं जास्त. १९९२ नंतरचा टपकन चिकटेल, तो स्टीलचा. चांदीचा अर्थातच नाही. व्हॉट्सॲपवर ‘चुंबकाला चिकटलं तर नाणं खोटं’ असा मेसेज फिरतो, तो किती बिनबुडाचा आहे ते दहा मिनिटांत कळेल.

ब्लेडची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पाच रुपयांचं जाड नाणं बांगलादेशात जाऊन त्याची दाढीची ब्लेडं होत, म्हणून सरकारनं ते बंद केलं, अशी. व्हॉट्सॲपवर ती तिखटमीठ लावून येते, पण पूर्ण खोटी नाही. २००७ मध्ये कोलकात्याहून तशा बातम्या आल्या होत्या, एका रुपयाच्या नाण्यातून पाच-सात ब्लेडं निघतात असं पकडलेल्या माणसानं सांगितलं होतं. आसामच्या चहामळ्यांत सुट्ट्यांअभावी पुठ्ठ्याचे तुकडे नाणी म्हणून चालले. पाचाचं नऊ ग्रॅमचं तांबं-निकेलचं नाणं २००७ मध्ये सहा ग्रॅमच्या स्टीलवर आलं, दोन वर्षांनी पितळी झालं. आज तर कायदाच आहे. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणं वितळवलं तर सात वर्षांपर्यंत कैद.

मग आता नाणं पाडायला किती खर्च येतो? २०१८ मध्ये माहिती अधिकारात टांकसाळीनं दिलेलं उत्तर असं: एक रुपयाला १ रुपया ११ पैसे, दोनला १ रुपया २८ पैसे, पाचला ३ रुपये ६९ पैसे, दहाला ५ रुपये ५४ पैसे. म्हणजे एक रुपयाचं नाणं सरकार तोट्यात पाडतं आणि दहाच्या नाण्यात सुमारे साडेचार रुपये कमावतं. गंमत बघा, ज्या नाण्यात सरकारचे पैसे जातात ते आपण निमूट घेतो. आणि दहाचं, ज्याचा गाभा तांबं-निकेलचा आणि बाहेरची कडी तांबं-ॲल्युमिनियमची, म्हणजे आज खिशातल्या नाण्यांत ज्याचा धातू त्यातल्या त्यात चांगला, त्याला आपण नाकं मुरडतो. दोन धातू जोडून केलेलं नाणं घरगुती भट्टीत पाडणंही तुलनेनं अवघड.

तरी संशयाला एक कारण होतं, ते झाकून ठेवायला नको. २०१६ मध्ये दिल्लीच्या बाजूला पाच आणि दहाची बनावट नाणी पाडणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आल्या. त्यात दहाच्या नाण्याची डिझाइनं अनेक. काहींवर रेघा दहा, काहींवर पंधरा. काहींवर रुपयाचं चिन्ह आहे, काहींवर नाही. मेसेज फिरला की पंधरा रेघांचं खोटं. खरं एवढंच की हे नाणं २००९ मध्ये चलनात आलं आणि रुपयाचं चिन्ह २०११ मध्ये, त्यामुळे आधीच्या नाण्यांवर ते असणारच नाही. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा केला: चौदा डिझाइनं आहेत, चौदाही खरी. पण हा खुलासा इंग्रजी पत्रकातून बँकेच्या सूचनाफलकापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मेथी विकणाऱ्या मावशीपर्यंत मेसेज पोचला, खुलासा पोचला नाही. यात आमच्या धंद्याचाही दोष आहे. अफवेची बातमी चार कॉलम, खुलाशाची बातमी आतल्या पानावर.

कायदा काय सांगतो तेही लिहून ठेवतो, म्हणजे वाद झाला तर दाखवता येईल. एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. आठ आणे दहा रुपयांपर्यंत; हो, आठ आणे अजून बंद झालेले नाहीत, ते आपणच बंद केलेत. नाणी भारत सरकार पाडतं, वाटायचं काम रिझर्व्ह बँकेकडे, आणि कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेनं ती जमा करून घ्यायला नकार देता कामा नये, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट आदेश आहेत. बाजारातला घोळ खरं तर इथूनच सुरू होतो. दुकानदार नाणं नाकारतो कारण घाऊक व्यापारी घेत नाही, घाऊक व्यापारी घेत नाही कारण काउंटरवर ‘मोजायला माणूस नाही, उद्या या’ म्हणतात. बँकेनं पिशवी घेतली की साखळी तुटेल. व्यापारी संघटनेनं एकदा एकत्र जाऊन, लेखी अर्ज देऊन, नकार असेल तर तोही लेखी मागावा. शंभर-शंभर नाण्यांची प्लास्टिकची पाकिटं करून नेली तर ती घ्यायची सोय त्या आदेशांतच सुचवलेली आहे.

आणि त्याच आदेशांत आणखी एक ओळ आहे: एक आणि दोन रुपयांची नाणी बँकांनी शक्यतो वजनावर घ्यावीत. पोतदाराचा तराजू पुन्हा आला म्हणायचा, फक्त आता धातू जोखायला नाही, नुसतं मोजायला. अडचण एकच. आज चलनात ४.८५ ग्रॅमचा रुपया आहे, ३.७९ ग्रॅमचा आहे आणि ३.०९ ग्रॅमचाही आहे. शंभर रुपयांचं पाकीट एकदा ४८५ ग्रॅम भरतं, एकदा ३७९, एकदा ३०९. त्यामुळे जाताना तिन्ही प्रकार घरीच वेगळे करून न्या, नाहीतर काउंटरवरचा माणूस पुन्हा ‘उद्या या’ म्हणेल.